हौसेची हरळी

आमच्या घरी पाहुण्यांना नुसतं ‘या’ म्हणून बोलावण्याची पद्धत बंद झाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमंत्रणात तारीख, वेळ आणि पत्ता यांच्या आधी रंग असतो. मध्ये एका जुन्या मित्राला मी फोनवर म्हणालो, ‘‘रविवारी ये रे जेवायला.’’ तिकडे बराच वेळ शांतता. मग दबक्या आवाजात प्रश्न आला, ‘‘घालून काय यायचं?’’

त्याचा दोष नाही. मागच्या खेपेला तो बिचारा साध्या निळ्या शर्टात आला होता आणि त्या दिवशी आमच्याकडे ‘पांढरं-सोनेरी’ होतं. त्याला सगळ्या फोटोंमधून कापून काढण्यात आलं. एका फोटोत मात्र त्याचा उजवा हात राहिलाय, बटाटेवड्याकडे निघालेला.

ही सगळी कर्तबगारी आमच्या सौ.ची. मूळ रोग भिशीचा. पूर्वी भिशी म्हणजे बायकांनी जमायचं, चिठ्ठी काढायची, जिची निघेल तिच्याकडे बाकीच्यांनी जरा संशयानं बघायचं, वडे-चहा घ्यायचा आणि सुनांविषयी बोलून घरी जायचं. मग कुणीतरी एका महिन्यात ‘सगळ्याजणी पैठणी नेसून या’ असं सुचवलं आणि तेव्हापासून या मंडळाला उतार पडलेला नाही. ‘जुन्या सिनेमातल्या नायिका’ या महिन्यात आमच्या दिवाणखान्यात पाच मधुबाला आणि एक आशा पारेख होती. पाचही मधुबाला एकमेकींशी बोलत नव्हत्या. आशा पारेख तेवढी मजेत होती, कारण तिला स्पर्धाच नव्हती.

घरातल्या पुरुषालाही थीममधून सूट नसते. त्या दिवशी मला रामूकाका करण्यात आलं. खांद्यावर पंचा, डोक्यावर टोपी, आणि दार उघडताना थोडं वाकायचं. ‘‘अभिनय करू नका,’’ बायकोनं बजावलं, ‘‘नेहमीसारखेच राहा.’’ सोसायटीत नव्यानं आलेल्या एका बाईंनी जाताना माझ्या हातावर पन्नासाची नोट ठेवली. नंतर त्यांना खरा प्रकार कळला असणार, पण त्यांनी पैसे परत मागितले नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

थीम हे परदेशी खूळ आहे असं आमच्या समोरचे निवृत्त बँकवाले म्हणतात. मला ते पटत नाही. संक्रांतीला काळं नेसून, पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घालून नव्या सुनेला मध्यभागी बसवायचं, याला दुसरं काय म्हणायचं? नवरात्रात तर बँका, शाळा, लोकलचे डबे, सगळं एका दिवशी पिवळं आणि दुसऱ्या दिवशी हिरवं होतं. एवढी मोठी थीम पार्टी साऱ्या जगात कुणी दिली नसेल. आणि डोहाळजेवण? माझ्या आजीच्या काळापासून ते चंद्रावरचं, नावेतलं, झोपाळ्यावरचं, बागेतलं असं रीतसर ठरवून होत आलेलं आहे. माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला म्हणतात. आमच्या घराण्यातल्या गर्भार बायका त्याच्या कितीतरी आधी पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीवर बसून, हातात धनुष्यबाण घेऊन फोटो काढून आलेल्या आहेत. तेव्हा थीम होतीच, फक्त तिचं बिल यायचं नाही.

आता येतं. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबरोबर थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा आमच्या घरी अघोषित दुखवटा होता. माळ्यावर एक आख्खा राजवाडा, अर्धा ताजमहाल आणि चार हंस पडून होते.

पण भिशीमंडळात खरी ठिणगी पडली ती जागेवरून. मंडळातल्या एकीनं गच्चीवर मांडव, वेली आणि दिव्यांच्या माळा असं काहीतरी केलं आणि बायको त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या रो-हाउसच्या पुढच्या मोकळ्या तुकड्यात उभी होती. या तुकड्यात तेव्हा तुळशीवृंदावन, माझी स्कूटर, पाण्याची फुटकी टाकी आणि वेत सुटलेली एक खुर्ची एवढे जुने भाडेकरू राहत होते.

‘‘अहो, इथे लॉन करू या.’’

‘‘कशाला?’’

‘‘व्हेन्यू हवा.’’

मी विरोध करायला हवा होता असं कुणालाही वाटेल. पण हिंदी सिनेमांनी माझीही पिढी बिघडवलेली आहे. नायिकेचा श्रीमंत बाप रेशमी गाऊन घालून हिरवळीवर वेताच्या खुर्चीत बसलाय, समोर किटलीतला चहा आहे, हातात पेपर आहे आणि पेपराआडून तो म्हणतो, ‘‘ये शादी नहीं हो सकती.’’ आयुष्यात एकदा तरी असं बसावं ही माझी फार जुनी इच्छा. मला मुलगी नाही, आणि मुलगा माझी परवानगी मागेल अशी चिन्हं नाहीत. पण निदान गवत तरी असावं.

माळीदादांनी जमीन खणायला घेतली आणि आमच्या घराच्या पुढ्यात दुसरं एक घर तुकड्या-तुकड्यांनी पुरलेलं निघालं. विटा, फरशांचे कोपरे, सिमेंटच्या गोण्या, गवंड्याची एक थापी आणि एक चप्पल. हा सगळा बिल्डरचा आशीर्वाद. त्या राडारोड्याच्या जागी लाल माती आली, शेणखत आलं, जमिनीला रस्त्याच्या बाजूला उतार दिला गेला आणि मग एका टेम्पोतून गुंडाळ्या करून गवत आलं. सतरंजी अंथरावी तसं ते गवत माळीदादांनी अंथरलं, वरून रूळ फिरवला, पाणी मारलं आणि म्हणाले, ‘‘मुळं धरेस्तवर कुणी पाय ठेवायचा नाही.’’

मी ताबडतोब पाटी केली: ‘हिरवळीवर चालू नये’. पुणेरी माणसाला पाटी लिहिण्याचा जो आनंद होतो तो मी मनसोक्त घेतला. मुळांनी पुढे माती धरली, गवत दाट झालं, पण पाटी काढायला मन धजेना. दूधवाला, पेपरवाला, कुरिअरवाला, सगळे भिंतीला पाठ लावून कडेकडेनं सरकत यायचे. शेजारचं मांजरही तसंच यायला लागलं. ज्या हिरवळीवर बसून चहा घ्यायचा होता, ती हिरवळ खिडकीतून बघत मी उभ्याउभ्या चहा घ्यायला लागलो. पेपर मात्र वाचता येईना, कारण एक डोळा सतत मांजरावर.

गणपतीला खटावहून आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे चुलते. आयुष्य शेतीत गेलं. फाटकातून आत येऊन त्यांनी पिशवी ठेवली, पाटी वाचली, पाटी ओलांडून सरळ हिरवळीच्या मध्यभागी गेले आणि उकिडवे बसले. एक दोरी चिमटीत धरून ओढली, तिची पेरं मोजली, दातानं तोडून पाहिली.

‘‘काय रं हे?’’

‘‘लॉन आहे आप्पा.’’

‘‘आरं, ही तर हरळी!’’

‘‘बर्म्युडा ग्रास म्हणतात आप्पा.’’

‘‘म्हणंनात. कुणी लावली?’’

‘‘आम्हीच. चौरस फुटाच्या भावानं आणली.’’

आप्पा उठले, पायरीवर येऊन बसले आणि टोपी काढून हातात धरली. आमच्याकडे कुणी गेल्याचा निरोप आला की ते असेच बसतात. ‘‘पैकं दिऊन?’’ त्यांनी एवढंच विचारलं. मी आकडा सांगितला नाही. त्यांचं वय झालंय.

मग पुढचा तासभर मला हरळीपुराण ऐकावं लागलं. आमच्या आजोबांनी ओढ्याकडेच्या रानातली हरळी काढायला तीन उन्हाळे घातले होते. नांगरट करायची, ढेकळं फोडायची, जमिनीखालच्या पांढऱ्या काशा वेचायच्या, उन्हात वाळवायच्या आणि जाळून टाकायच्या. एवढं करून बोटभर काशी जरी मातीत राहिली तरी पावसाळ्यात ती परत हजर. लाकडी नांगराला ही दाद देत नाही म्हणून किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आणला, त्यासाठी एक बैल विकला. ‘‘आन् तू,’’ आप्पा म्हणाले, ‘‘तिला शेणखत घालतुयास.’’

मी त्यांना समजावलं की शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर आहेत; सायनोडॉन डॅक्टिलॉन हीच ती वनस्पती, शेतात असली की तण आणि बंगल्यात असली की लॉन. आप्पांना हे पटलं नाही. ते राहिले तितके दिवस त्यांचे हात शिवशिवत होते. पहाटे मला खिडकीतून ते हिरवळीभोवती येरझारा घालताना दिसायचे. खुरपं मी कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं.

गणपतीतच हरळीची दुसरी बाजू उघड झाली. दूर्वा म्हणजे हीच. हे सोसायटीला कळायला एक सकाळ पुरली. एकवीस दूर्वांची जुडी, अशा एकवीस जुड्या, आणि सोसायटीत घरोघर गणपती. सकाळी सहापासून फाटकाशी ताम्हनं, वाट्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या. पाटीचं काय? ‘‘देवाचं आहे हो,’’ असं म्हणत बायका पाटीवरच पिशवी अडकवून आत शिरायच्या. वर तक्रार अशी, की मी गवत कापलेलं असल्यानं दूर्वांना शेंडेच नाहीत. ‘‘तीन पानांची कोवळी हवी असते. हे काय, सगळं बोडकं!’’ बायकोनं कापणी बंद करायचा हुकूम काढला. गणपती उठेपर्यंत माझी हिरवळ श्रद्धेनं वाढत राहिली आणि श्रद्धेनंच ठिकठिकाणी विरळ झाली. आप्पा पायरीवरून बघत होते. पाच दिवसांत प्रथमच ते हसले. ‘‘निघू दे, निघू दे,’’ ते बायकांना म्हणाले, ‘‘पर मुळासकट घ्या.’’

आता लव्हाळ्याविषयी. तुकोबांनी लव्हाळ्याची नम्रता वाखाणली ती पुराच्या संदर्भात. लॉनमध्ये त्यांचा त्याच्याशी संबंध आला असता तर गाथेत वेगळे शब्द आले असते. लव्हाळा वरून उपटला की हाताशी निमूटपणे येतो. त्याची गाठ खाली राहते. त्या गाठीला दोरीनं दुसरी गाठ जोडलेली असते, तिला तिसरी, आणि हे नातेसंबंध कुठवर पसरले आहेत ते त्याचं त्यालाच ठाऊक. सकाळी उपटलेल्या जागी चार दिवसांत त्याचं पातं गवताच्या वर मान काढून उभं असतं. मी माळीदादांना बोलावलं.

‘‘होईल की साहेब. थोडी लाल माती टाकू.’’

माळीदादांकडे सगळ्या रोगांवर हेच एक औषध होतं. गवत पिवळं पडलं, लाल माती. हुमणीनं मुळं खाल्ली, लाल माती. खळगा पडला, लाल माती; उंचवटा आला, तरी लाल माती. पुढे कळलं ते असं, की लव्हाळ्याच्या गाठी येतात त्या बहुतेक वेळा बाहेरून आणलेल्या मातीतूनच. म्हणजे आजारही तेच घालत होते आणि औषधही. मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते अजिबात गडबडले नाहीत. ‘‘ही माती वेगळ्या खाणीची असते साहेब.’’

माळीदादांचा खर्च वाचवावा आणि मुलाला श्रमाची गोडी लागावी, अशा दुहेरी हेतूनं मी चिरंजीवांना हिरवळीचं शिक्षण द्यायचं ठरवलं. चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत आणि रविवारी अकराच्या आधी त्यांच्याशी कुणी बोलत नाही. साडेअकराला वर्ग भरला.

‘‘पहिला नियम,’’ मी म्हणालो, ‘‘एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही.’’

‘‘कुठल्या पात्याच्या?’’

‘‘सगळ्या.’’

‘‘सगळी मोजायची?’’

‘‘अंदाजानं. दुसरा नियम, पाणी पहाटे घालायचं. रात्री घातलं की पानं ओली राहतात, बुरशी येते.’’

‘‘पहाटे म्हणजे किती वाजता?’’

‘‘साडेपाच.’’

यावर तो इतक्या करुणेनं माझ्याकडे बघू लागला की मी घाईनं इतिहासाकडे वळलो. गवत कापायचं यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या माणसानं काढलं. १८३० साली त्याला पेटंट मिळालं. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र असतं, त्यावरून त्याला कल्पना सुचली. आणि असं सांगतात, की शेजाऱ्यांनी वेड्यात काढू नये म्हणून तो हे यंत्र रात्री अंधारात चालवून बघायचा.

चिरंजीव पहिल्यांदाच मनापासून ऐकत होते. ‘‘बाबा, तुम्ही पण रात्री करत जा ना.’’

शेवटी त्यानं यंत्र हातात घेतलं. यंत्र विजेवर चालणारं. पहिल्या पाच मिनिटांत त्यानं स्वतःचीच वायर कापली आणि आमच्यासह शेजारच्या दोन घरांचे दिवे गेले. दुरुस्ती झाल्यावर, कानात गाणी लावून, त्यानं मधोमध एक लांब पट्टा जमिनीला लागून असा काही भादरला की मातीचा रंग दिसायला लागला. ‘‘हे काय?’’ मी ओरडलो. कानातलं एक बोंडुक काढून तो शांतपणे म्हणाला, ‘‘पिच. बाकीचं आउटफिल्ड ठेवलंय, एक तृतीयांश.’’ संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं आली. पाटीचा त्यांनी स्टंप केला.

माझी शिकवणी मात्र वाया गेली असं नाही. सोसायटीतले बाकीचे पुरुष दर रविवारी कंपाउंडवर कोपर टेकून मला सल्ले द्यायला जमू लागले. पहाटे पाणी, रात्री पाणी, पाणीच नको, ताक घाला, मीठ घाला. एकानं युरिया आणून दिला आणि स्वतःच उत्साहानं फेकला. जिथे मूठ जास्त पडली तिथे गवत जळालं, जिथे पडली नाही तिथे पिवळं राहिलं, आणि या दोन्हींच्या मध्ये ते फार सुंदर हिरवं झालं. तो सुंदर भाग भिंतीच्या मागे, गटाराच्या झाकणाशी आहे.

अशा अवस्थेत भाचीचं डोहाळजेवण ठरलं. सातवा महिना, नोव्हेंबरची अखेर. थीमचा प्रश्नच नव्हता. बायको म्हणाली, ‘‘बागेतलं करू. आयुष्यभर लोकांनी हॉलमध्ये फांद्या रोवून बागेतलं केलं. आपल्याकडे खरी बाग आहे.’’ मला भरून आलं. माझ्या हिरवळीचा एवढा जाहीर गौरव प्रथमच होत होता.

सकाळी सजावटवाल्याची माणसं टेम्पो घेऊन आली. झोपाळा, फुलांची कमान, कागदी मोर, आणि शेवटी दोघांनी मिळून एक भलीमोठी हिरवी गुंडाळी उतरवली. उलगडली तर प्लॅस्टिकचं गवत. ते त्यांनी माझ्या गवतावर पसरलं.

‘‘अहो थांबा! खाली खरं आहे!’’

‘‘माहितीये काका,’’ त्यांच्यातला मुख्य म्हणाला, ‘‘पण फोटोत खरं गवत खोटं वाटतं.’’

मी बायकोकडे पाहिलं. ती डोळे बारीक करून दोन्ही गवतांकडे आळीपाळीनं बघत होती. ‘‘रंग छान आहे हो याचा,’’ ती म्हणाली. ‘‘आपलं याच्यासारखं नाही का करता येणार?’’

चार वाजता बायका आल्या. हॉलमध्ये डोहाळजेवण असतं तेव्हा चपला दाराबाहेर राहतात. बागेला दार नाही, त्यामुळे चपला पायातच राहिल्या, आणि थीमला शोभतील अशा पेन्सिल टाचांच्या चपला मंडळानं खास घेतलेल्या होत्या. प्रत्येक पावलाला प्लॅस्टिकच्या गवतातून माझ्या गवतात, तिथून लाल मातीत. काहीजणी तर एका जागी उभ्या राहून गप्पा मारताना हळूहळू बुटक्या होत होत्या. माळीदादाही मदतीला आले होते. मी त्यांना बाजूला घेऊन ही भोकं दाखवली. ते प्रसन्न झाले. ‘‘बरंच झालं साहेब. मुळांना हवा लागंल. बाहेरच्या देशात ह्याला मशीन असतंय.’’

भाची फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली. झोपाळ्याचे चारही पाय जमिनीत सारखे रुतले नाहीत, त्यामुळे ती थोडी रस्त्याच्या दिशेनं कललेली होती. ओटी भरली, गाणी झाली, आणि मग पेढा की बर्फी. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, तिनं एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भलिंगतपासणीविरुद्ध आपल्याकडे १९९४चा कायदा आहे, त्यात अनेक यंत्रांचा समावेश होतो, पण पेढ्याचा नाही. सगळ्या बायका श्वास रोखून पुढे सरकल्या. भाचीनं हात उचलला. आणि त्याच क्षणी गवतात चार ठिकाणांहून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या.

पहाटे साडेपाचला उठायला लागू नये म्हणून चिरंजीवांनी तुषारसिंचन बसवलं होतं आणि ते घड्याळाला जोडलं होतं. घड्याळात त्यांनी साडेपाच बरोबर लावले होते. सकाळ की संध्याकाळ हे लावायचं राहिलं होतं.

पुढचं नीटसं सांगता येत नाही. पैठण्या, किंकाळ्या, कागदी मोराचा लगदा. प्लॅस्टिकच्या गवतावरचं पाणी जिरत नाही, ते उताराला लागतं. उतार आम्ही पैसे देऊन करून घेतला होता. दोन्ही वाट्या तरंगत रस्त्याकडे निघाल्या. टाचा रुतलेल्या बायकांना पळता येईना. या गदारोळात भाची तेवढी झोपाळ्यावर कोरडी होती आणि पोट धरून हसत होती. ती ओरडली, ‘‘मामी, बागेतलं म्हणाली होतीस, हे तर नावेतलं झालं!’’

त्या दिवसाचे फोटो मंडळात अजून सर्वोत्कृष्ट मानले जातात. गच्चीवालीनं आठवडाभर बायकोशी बोलणं टाकलं, यावरून काय ते समजा.

प्लॅस्टिकचं गवत उचललं तेव्हा खालचं गवत पिवळंधमक झालेलं होतं. माळीदादा काय म्हणाले ते सांगत नाही. शिवाय थंडी सुरू झाली. हरळी ही उन्हाची वनस्पती, गारठा पडला की ती वाढ थांबवून स्वस्थ बसते. ते सगळं वाळकं, भोकाभोकांचं, मधे पिच पडलेलं अंगण बघून बायको काही दिवस विचारात होती. मग एका सकाळी तिचा चेहरा उजळला.

‘‘शेत!’’ ती म्हणाली. ‘‘अहो, हे अगदी शेतासारखं दिसतंय. जानेवारीत हुरडा पार्टी करू.’’

आप्पांना फोन गेला. गुळभेंडीची कोवळी कणसं, गोवऱ्या, लसणाची चटणी, जवसाची चटणी, सगळं घेऊन या. मंडळाला निरोप गेला: थीम ‘गावाकडं’. बायकांनी इरकली लुगडी, नवऱ्यांनी धोतर-फेटा. नाटकांचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानात त्या आठवड्यात धोतरं संपली. समोरचे निवृत्त बँकवाले, ज्यांना थीमचा तिटकारा होता, ते मिशा चिकटवून आणि खांद्यावर घोंगडी टाकून सगळ्यांच्या आधी आले. चिरंजीवांनी कुठून तरी बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ पैदा केली होती. ती त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातली.

आप्पा एस.टी.नं आले. टेरिकॉटची पँट, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. पुण्याला यायचं म्हणून ते नेहमी असेच येतात. फाटकाशी भिशीतल्या एका बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळहळून म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही थीममध्ये नाही आलात?’’

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग फेटे बांधलेल्या आयटीवाल्यांकडे, मग मिशा सावरणाऱ्या बँकवाल्यांकडे. ‘‘मला कुणी सांगितलंच न्हाई बाई,’’ ते म्हणाले.

मी आत चटण्या वाट्यांत काढत होतो. बायकोनं तेवढंच काम माझ्याकडे ठेवलं होतं. बाहेरून आप्पांचा आवाज आला, ‘‘आगटी कुठं करायची?’’ आणि बायकोचा, ‘‘करा ना आप्पा, तुम्हाला हवी तिथं. खुरपं कपाटात आहे, टिकाव शेडमध्ये आहे. किल्ली देते.’’

मी चटणीच्या हातानं बाहेर धावलो तोवर हिरवळीच्या बरोब्बर मधोमध गुडघाभर खोल खड्डा झालेला होता. हुरड्याच्या आगटीला एवढा खड्डा लागत नाही, हे खटावच्या माणसाला मी सांगणं बरं दिसलं नसतं. खड्ड्याच्या काठावर पांढऱ्या काशांचा हा ढीग. आप्पांनी बूट काढले होते, पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडली होती आणि त्यांच्या तोंडावर असं तेज होतं की ते किमान वीस वर्षांनी तरुण दिसत होते. भोवती सगळं मंडळ कोंडाळं करून मोबाइल धरून उभं. माझी दोन वाक्यं धडपणे कधी न ऐकणारे हे लोक आप्पांचा शब्द न् शब्द झेलत होते.

‘‘वडून तोडायची न्हाई. तोडली का बसली. हात खाली घालायचा, मुळाच्या बुडाशी, आन् सगळी येटोळी उपसायची. हां, आस्सं. तू ये ग पोरी, तू कर.’’

प्रत्येकीला एक घाव घालायचा होता, एक काशी उपसायची होती, आणि तिचा फोटो हवा होता. ज्यांचा नंबर लांब होता त्यांनी दम निघेना म्हणून कडेनं स्वतःच सुरुवात केली. गच्चीवालीनं दोन्ही हातांनी उपसलेला गुंताडा डोक्यावर धरून मांजराच्या वाटेवर नाच केला. पिचच्या टोकाला बँकवाले मिशी खिशात ठेवून टिकाव चालवत होते. चिरंजीव, ज्यांना एक तृतीयांश मोजायचा कंटाळा येत होता, ते घुंगरमाळ वाजवत आख्खा कोपरा साफ करून पुढच्या कोपऱ्याकडे निघाले होते.

‘‘अहो,’’ बायको म्हणाली, ‘‘असे काय उभे आहात? वाट्या ठेवा आणि तुमच्या फेट्याचं बघा, फोटोत तुम्ही एकटेच बोडके दिसाल.’’

आप्पांनी वर बघितलं, खोऱ्याचा दांडा माझ्याकडे केला आणि म्हणाले, ‘‘धर. तुळशीकडची मी तुझ्यासाठी ठिवलीया.’’